कौलाचे दिवस

२०२४ सालच्या ५ जानेवारीला सकाळी आठ वाजायला दोन मिनिटं कमी असताना आमच्या डोंबिवलीच्या घरात चार मोबाइल, एक लॅपटॉप आणि देवापुढचं निरांजन एकाच वेळी पेटलेलं होतं. रेल्वेचं आरक्षण तेव्हा १२० दिवस आधी उघडायचं. ४ मेची गाडी हवी तर ५ जानेवारीची सकाळ गाठायची, हा हिशोब कोकणी माणसाला पाढ्यासारखा पाठ असायचा. एरवी भाजीवाल्याने सुटे किती परत दिले हे न कळणारी माणसं, पण गणपतीची तारीख सांगितली की त्यातून १२० वजा करून ‘म्हणजे गुरुवार पडतो’ असं उभ्या उभ्या सांगायची. आठ वाजले. गोल फिरणारं चक्र फिरायला लागलं. आठ वाजून तीन मिनिटांनी मुलगी किंचाळली, “मिळालं! तुतारी, चार बर्थ!” बायकोने देवापुढे साखर ठेवली. मी ऑफिसला उशिरा पोचलो आणि साहेबांनी कारण न विचारताच ओळखलं, कारण साहेब देवगडचे.

जायचं कारण कौलं. आबाकाकांचा फोन दिवाळीपासून सुरू होता. “पडवीवरची बावीस कौलं माकडांनी फोडल्यानी. मृगाच्या आत परतून घेवक व्हयी. नायतर पाऊस घरात येतलो आणि आमी खळ्यात.” बावीस कौलांना माणूस लागतो किती, हे मुंबईत बसून कळत नाही. एक कौल काढलं की खालची रीप कुजलेली निघते, रीप काढली की वासा हलतो, वाशाला हात लावला की वाळवी सहकुटुंब बाहेर येते. तेव्हा ‘कौलं परतायची’ म्हणजे पंधरा दिवस रजा आणि पन्नासेक हजार रुपये, असं मी मनाशी धरून ठेवलं होतं.

मग १६ मार्चला निवडणुका जाहीर झाल्या. महाराष्ट्रात पाच टप्पे. टीव्हीवर नकाशा रंगत गेला आणि आमचा रत्नागिरी-सिंधुदुर्ग तिसऱ्या टप्प्यात, ७ मेला निघाला. डोंबिवली ज्या कल्याण मतदारसंघात येते तो पाचव्यात, २० मेला. माझं जायचं तिकीट ४ मेचं, यायचं १८ मेचं. म्हणजे गावात मतदान होताना मी गावात आणि डोंबिवलीत मतदान होताना डोंबिवलीत! शेजारचे कुलकर्णी म्हणाले, “अहो, तुम्ही काय दोन्हीकडे मत देणार की काय?” माझं मत डोंबिवलीतच आहे, चार वर्षांपूर्वी अर्ज भरून गावातलं नाव काढून इकडे आणलंय, हे मी त्यांना तीनदा सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं की माझ्याबद्दलचा त्यांचा आदर त्या दिवशी थोडा कमी झाला.

निघायच्या दिवशी गावाला फोन केला. दादाने, म्हणजे आबाकाकांच्या मुलाने, उचलला. मागे स्पीकरवर कुणाचा तरी पोवाडा चालला होता.

“दादा, आम्ही तुतारीने येतोय.”

पलीकडे पोवाडा बारीक झाला. “काय म्हणतंस? कधीपासून?”

“अरे, जानेवारीतच घेतलं होतं.”

“जानेवारीत? आणि आमका काय्येक बोललंस नाय ता!”

तिकीट, तिकीट, असं ओरडून सांगितल्यावर तो म्हणाला, “तुका तिकीट पण दिल्यानी?” शेवटी ‘एक्सप्रेस’ हा शब्द उच्चारल्यावर गैरसमज मिटला. चूक त्याची नव्हे. दादर-सावंतवाडी गाडीला केशवसुतांच्या कवितेवरून २०१७ साली ‘तुतारी’ नाव दिलं, तेव्हा सात वर्षांनी तुतारी वाजवणारा माणूस हे निवडणूक चिन्ह होईल हे रेल्वेला कुठून कळणार? आचारसंहितेत पुतळ्यांवर, कोनशिलांवर कापडं टाकतात. तो नियम काटेकोर पाळायचा तर दादरच्या फलाटावर सगळी गाडीच झाकून उभी करायला हवी होती. नाही तरी आतली माणसं दिसत नव्हतीच.

गाडीचं वर्णन करत नाही. मे महिन्यातली कोकणातली गाडी ज्याने पाहिली आहे त्याला सांगायला नको आणि ज्याने नाही पाहिली त्याचा विश्वास बसणार नाही. आमच्या चार बर्थवर नऊ जण होते आणि त्या नऊतले पाच जण ‘फक्त पनवेलपर्यंत’ होते. त्यांना मी चिपळूणला चहा पाजला.

कणकवलीला दादा जुनी ओम्नी घेऊन आला होता. गाव तिथून चौदा किलोमीटर आत. सहाव्या किलोमीटरला रस्त्यात लोखंडी अडथळे, मंडपाचं कापड, एक टेबल, दोन पोलीस आणि एक कॅमेरावाला. निवडणूक पथक! गाडी बाजूला घ्यायला लावली. पथकाचे प्रमुख म्हणजे कुठल्यातरी शाळेतले गुरुजी असावेत, कारण त्यांनी पहिल्यांदा आम्हाला सरळ उभं राहायला सांगितलं.

बॅग उघडली. वरच पंचवीस ब्लाउजपीस.

“हे काय?”

“वाडीतल्या बायकांना. ओटी भरायची आहे,” बायको म्हणाली.

“सगळे एकाच रंगाचे?”

“घाऊक घेतले. चोवीस घेतले की एक फुकट होता.”

गुरुजींनी एक पीस उजेडात धरला. कॅमेरावाला पुढे सरकला. भगवा म्हणावा तर नाही, निळा नाही, हिरवा नाही. “रंग कोणता म्हणायचा हा?” त्यांनी वही काढली. “आमसुली,” बायको म्हणाली. एवढ्या मोठ्या निवडणुकीत आमसुली रंगाचा एकही पक्ष नव्हता, म्हणून आम्ही सुटलो. मग माझी कमरेची पिशवी. आचारसंहितेत ५० हजारांच्या वर रोकड जवळ असली तर कागद दाखवावे लागतात, एवढं मला माहीत होतं, म्हणून कौलांसाठी बरोबर ४८ हजार आणले होते. गुरुजींनी दोनदा मोजले. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, “मर्यादा बघूनच आणलेत वाटतं!” मर्यादेत राहिल्याबद्दल माझ्यावर संशय घेतला गेला तो आयुष्यात पहिल्यांदाच.

पुढे आमचा थांबा आला तेव्हा दादाने वेग कमी केला आणि तरी मी तो ओळखला नाही. त्या निवाऱ्यावर एरवी आमच्या गावाचं नाव वीतभर आणि निधी देणाऱ्याचं नाव हातभर असतं. आचारसंहितेमुळे वर जुनी वर्तमानपत्रं चिकटवली होती आणि चिकटवणाऱ्याने एक माणूस झाकण्यापेक्षा अख्खी भिंत झाकणं सोपं मानलं होतं. त्यामुळे गावाचं नावही गेलं. त्या महिन्यात दोन पाहुणे आणि एक वीजमीटर वाचणारा, असे तिघे जण पुढच्या गावात उतरून चालत मागे आले, असं दादा म्हणाला.

गावात पोचल्यावर जे दोन प्रश्न येतात ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहेत. “कधी इलंस?” आणि “किती दिस आसंस?” पहिला प्रेमाचा असतो. दुसरा आंब्यांच्या हिशोबाचा. चाकरमानी किती दिवस राहणार यावर किती पेट्या काढायच्या आणि किती नजरेआड ठेवायच्या हे ठरतं. या वेळी मात्र ‘अठरा तारखेपर्यंत’ म्हटल्याबरोबर सगळ्यांचे चेहरे उजळत होते. मी भारावून गेलो. ज्या माणसाने गेल्या मे महिन्यात बांधावरून मला ओळखही दाखवली नव्हती तो रतांब्यांची परडी घेऊन आला. ‘म्हणजे सात तारखेक आसतलंस!’ असं तो म्हणाला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

दुपारी खळ्यात मोटरसायकल थांबली. कार्यकर्ता आमच्याच वाडीतला, मला शाळेत एक वर्ष मागे. गळ्यात उपरणं, बगलेत मतदार यादी. ओटीवर मांडी घालून बसला आणि बोटाला थुंकी लावून पानं उलटायला लागला. आमचं घर आलं. आबाकाका, काकी, दादा, वहिनी, आत्ये... एकेका नावावर पेन्सिलीची बारीक खूण होत होती. चहा आला. माझ्या बाबांच्या प्रकृतीची चौकशी झाली, मुलीच्या मार्कांचं कौतुक झालं. मुंबईत माझं कसं चाललंय हे विचारताना त्याचा आवाज इतका हळवा झाला की मी त्याला लोकलच्या गर्दीबद्दलसुद्धा मनातलं सांगून टाकलं. मग यादीचं पान एकदा पुढे, एकदा मागे.

“तुझा नाव गावना नाय हय.”

“माझं मत डोंबिवलीत आहे.”

पेन्सिल थांबली. “आणि वहिनीचा?”

“तेही डोंबिवलीतच.”

त्याने यादी मिटली, बगलेत घातली, उरलेला चहा एका घोटात संपवला आणि उठताना परसातल्या आंब्याकडे बघत म्हणाला, “मगे काय, आंबे खावा.” मघापर्यंत तो मला अरे-तुरे करत होता.

संध्याकाळपर्यंत ही बातमी वाडीभर झाली. दुसऱ्या पक्षाचा कार्यकर्ता आला तो खळ्यातूनच दादाशी बोलून गेला. रतांब्यांची परडी मात्र परत मागितली नाही, एवढं गाव अजून जुन्या वळणाचं आहे.

घरात मतदान केलेली एकच व्यक्ती होती आणि ती सगळ्यांत नाराज होती. आत्येचं वय ८७. पंच्याऐंशीच्या वरच्यांना त्या निवडणुकीत घरी बसून मत देता येत होतं. दादाने अर्ज भरला होता, त्याप्रमाणे आम्ही पोचायच्या आधीच्या आठवड्यात अधिकारी, पोलीस, कॅमेरा आणि पुठ्ठ्याचा एक आडोसा असा सगळा लवाजमा घरी येऊन गेला. आत्येने सर्वांना कोकम सरबत दिलं. पोलिसाला दोनदा. मग तिला पुठ्ठ्याआड बसवलं, बाकीच्यांना ओटीवर पाठवलं. आपल्याच माजघरातून आपल्याच भावाला बाहेर काढलं हे तिला पटलं नव्हतंच, पण खरा घाव पुढे होता.

“कागदार खूण केलंय, पाकिटात घातलंय, त्यांनी चिकटवल्यानी आणि गेले!” तिने मला दोन्ही हात उघडून दाखवले. “मशीन कसा पीऽऽऽ करता! ह्या कागदान काय्येक केला नाय. आवाज इल्याशिवाय मत पोचला कसा म्हणूचा?”

मी तिला टपाली मतपत्रिका, मोहोरबंद पाकीट, मोजणी वगैरे समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “सात तारखेक शाळेत जावन नुसतो आवाज काढूक गावात काय?” यादीत तिच्या नावापुढे टपाली मताची नोंद झालेली, आता तिला केंद्रावर मत देता येणार नाही, हे सांगताना माझाच जीव वरखाली झाला. मतदानासाठी काढून ठेवलेलं नऊवारी तिने घडी घालून परत ट्रंकेत ठेवलं. घरात कशाला नेसायचं ते?

रात्री जेवणानंतर कौलांचा विषय निघाला. दादाचं म्हणणं, कौलांची कटकट कायमची मिटवू, वर निळे पत्रे घालू. आबाकाका पत्र्यांचं नाव ऐकताच भिंतीकडे तोंड करून बसले. ते कौल आजोबांनी घातलेलं. पाठीवर कारखान्याचं नाव आणि एक हत्ती उमटवलेला. स्वित्झर्लंडच्या बासेल मिशनने १८६० च्या दशकात मंगळूरला पहिला कारखाना काढला तिथपासून कोकणातल्या घरांवर ही मंगलोरी कौलं चढली. त्यांची अडचण एकच. जुनं फुटलं की नवं त्याच्या जागी बसत नाही. खाच एका मापाची, दात दुसऱ्या मापाचा. दडपून बसवलं तर खळ्यातून बघणाऱ्याला छप्पर एकसंध दिसतं, पाऊस आला की कळतं. महाराष्ट्रात त्या वर्षी अशी बरीच छपरं घातलेली होती, त्यामुळे उदाहरण सगळ्यांना पटकन समजलं.

“आणि हेका काय इचारतंस?” आबाकाका माझ्याकडे बोट करून दादाला म्हणाले. “हेचा नाव तरी आसा काय हय?”

मी कायद्याचा आधार घेतला. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या विसाव्या कलमात स्पष्ट म्हटलंय की एखाद्या ठिकाणी नुसतं घर मालकीचं आहे म्हणून माणूस तिथला ‘सर्वसाधारण रहिवासी’ ठरत नाही. जिथे राहतो तिथे नाव. आणि दोन मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही, म्हणून मी ते रीतसर काढून घेतलं.

आबाकाकांनी सुपारी कातरायची थांबवली. “म्हणजे ज्याचा घर आसा तो रवणारो न्हय, आणि जो भाड्यान रवता तो रवणारो? कोणी केल्यान ह्यो कायदो?”

“पण त्यातच असंही आहे,” मी सावरून घेतलं, “की तात्पुरता बाहेर गेलेला माणूस रहिवासी असायचा थांबत नाही.”

“तू कधी गेलंस?”

“अठ्ठ्याण्णवला.”

“सव्वीस वर्सां तात्पुरतो!” काकी आतून म्हणाली, आणि सगळं घर हसलं. हसणं ओसरल्यावर आबाकाकांनी मुद्द्याला हात घातला. “ता ऱ्हवांदे. कौलांचे पैसे खंयच्या मतदारसंघातून येतले?”

त्याबाबतीत मी अजूनही इथलाच रहिवासी आहे असं सर्वानुमते ठरलं.

पत्रे की कौलं हा वाद मात्र मिटेना. तेव्हा आमच्याकडे शेवटचा उपाय असतो तो काढला. देवाला कौल लावायचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : ग्रामदेवतेच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतात, प्रश्न घालतात, उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. लग्न, विहीर, भावकी, गुरं हरवणं, सगळं या पाकळ्यांवर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, ५ तारखेला, आम्ही देवळात गेलो. गुरवाने हात जोडले. “कौल आता नाय. सात तारखेपर्यंत देवाक आचारसंहिता.”

त्याची बाजूही खरी होती. प्रचारासाठी देवळं वापरायची नाहीत असा नियम, आणि गेल्या पंधरा दिवसांत ‘सहज दर्शनाला’ आलेल्या सहा जणांनी त्याला हळूच कौल लावायला सांगितलं होतं. एकालाच उजवा मिळाला असता तर बाकीचे पाच रुसले असते, आणि गुरवाला गावात राहायचं होतं. म्हणून त्याने दुकानच बंद केलं. गाऱ्हाणं घालायला मात्र मनाई नव्हती, फक्त पक्षाचं नाव घ्यायचं नाही. आम्ही तिथे असतानाच एक गाडी आली, चार-पाच उपरणी उतरली, नारळ पुढे झाला. गुरवाने डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज ह्या तुझा लेकरू पाच माणसांका घेवन तुझ्या पायाकडे इला हा. तेच्या मनात जा काय आसा ता तुका ठावक. तेची वाट सरळ कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आडो कोण येयत तेका वाटेच्या बाजूक कर, आणि हो गाव जसो आसा तसो सांभाळ रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

नारळ फुटला. गाडी गेली. पाऊण तासाने दुसरी गाडी आली, दुसऱ्या रंगाची उपरणी, आणि गुरवाने अक्षर न बदलता तेच गाऱ्हाणं घातलं. मघाशी जो लेकरू होता तो आता आडो येणारा झाला आणि आडो येणारा लेकरू. ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला दोन्ही वेळा आम्हीच होतो. नारळाची भकलं इतकी साठली होती की त्या आठवड्यात वाडीत सोलकढीसाठी कुणी नारळ विकत आणला नाही.

त्या संध्याकाळी सहाला प्रचार संपला. महिनाभर गल्लोगल्ली फिरणाऱ्या रिक्षा एकदम गप्प झाल्या आणि गावात पहिल्यांदा कोकिळा ऐकू आली. ती बिचारी आधीपासूनच ओरडत असणार. दादा मात्र अस्वस्थ होता. मतदान संपण्याआधीचे ४८ तास दारूची दुकानं बंद. एरवी आमच्या भागात अशा वेळी लोक गोव्याकडे तोंड करतात. पण त्या वर्षी गोव्यातही मतदान ७ मेलाच. घाट चढून कोल्हापूर? तिथेही ७ मे. पलीकडे बेळगाव? ७ मे. वर रायगड? तेही तिसऱ्याच टप्प्यात. दादाने जमिनीवर काडीने नकाशा काढून मला दाखवला. तीन बाजूंनी कोरडं आणि चौथ्या बाजूला अरबी समुद्र. “खारो,” तो म्हणाला.

प्रचार संपल्यावर तरी कौलं परतायला गडी मिळतील असं वाटलं होतं. एप्रिलभर ते सभांना जात होते. टोपी, वडापाव आणि दिवसाचा रोज, वर बसून ऐकायचं. छपरावर उन्हात वाकून तेवढ्याच पैशांत कोण चढणार? आता सभा संपल्या तर ते म्हणाले, “मतदान होवनदे, मगे बघू.” म्हणून ७ मेच्या सकाळी, सगळं घर शाळेकडे गेलेलं असताना, मी स्वतःच शिडी लावली.

आत्ये ओटीवर बसून देखरेख करत होती. पहिली चार कौलं मी सुखरूप काढली. वरून शाळा दिसत होती. फाटकापासून शंभर मीटरवर चुन्याची रेघ, रेघेच्या अलीकडे दोन्ही पक्षांची टेबलं, आणि त्या टेबलांवर एकमेकांचे सख्खे भाऊ. रांगेत नवी लुगडी, इस्त्रीचे सदरे, दोन नवरदेवही होते. इतकं छान दिसत होतं की मी जरा पुढे सरकलो. कौलावर पाय ठेवताना तो रिपेवर ठेवायचा असतो, मध्ये नाही, हे माकडांनाही ठाऊक असावं. कडकड आवाज झाला आणि माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत आमच्याच पडवीत गेला.

“वाजला रे वाजला!” आत्ये खालून आनंदाने ओरडली.

फुटलेली कौलं अकरा. सहा महिन्यांत माकडांनी बावीस फोडली होती, मी दहा मिनिटांत निम्म्यावर आलो. घरची मंडळी परतली तेव्हा मी तसाच अडकलेलो होतो. दादाने डाव्या तर्जनीवरची शाईची रेघ सुकू देत देत मला उजव्या हाताने बाहेर ओढलं. ती शाई म्हैसूरला कर्नाटक सरकारच्या रंगांच्या कारखान्यात बनते. १९६२ पासून देशाच्या बोटांना लागते आहे आणि नखाबरोबर वाढून बाहेर पडेपर्यंत जात नाही. त्या दिवशी जेवायला बसलो तर पंगतीत सगळ्यांची बोटं जांभळट काळी. आत्येचं, माझं, बायकोचं आणि मुलीचं बोट कोरं. माझ्या गुडघ्याला काकीने हळद लावली होती, तेवढाच माझा पुरावा.

८ तारखेला देवाची आचारसंहिता उठली. गुरवाने पाकळ्या लावल्या. आबाकाकांनी प्रश्न घातला, कौलं ठेवायची का? अर्ध्या मिनिटात उजवी पडली. आबाकाकांनी मिशीवरून हात फिरवला. दादा म्हणाला, माझाही प्रश्न घाला, पत्रे घालायचे का? पाकळ्या पुन्हा लावल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. उजवी नाही, डावी नाही. बाहेर एक बस येऊन गेली. गुरवाने दोनदा विनवलं. पाकळ्या जाग्याच्या हलेनात. शेवटी तो कपाळाचा घाम पुसत म्हणाला, “देवान नोटा दाबल्यान.”

कौलं परतायचं ठरलं. माझे ४८ हजार कमी पडले, ते माझ्या अकरा कौलांमुळे पडले असं हिशोबात लिहिलं गेलं.

मधल्या दिवसांत डोंबिवलीहून फोन सुरू झाले. तिकडचा कार्यकर्ता, आवाजात तोच हळवेपणा. “साहेब, कधी येताय? वीसला आहात ना? सगळे कोकणवाले गावी गेलेत हो, आमची तर झोप उडालीये. गाडी पाठवू का?” गणपतीला जाताना फुकट बस देणारे पुष्कळ पाहिले होते, परत न्यायला गाडी पाठवणारा हा पहिला. मतदाराला केंद्रापर्यंत फुकट वाहनाने नेणं कायद्याने भ्रष्ट आचार आहे, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, “अहो केंद्रापर्यंत कुठे, पनवेलपर्यंत सोडतो!” गावातल्या पेन्सिलीने पुसलेली माझी किंमत साडेचारशे किलोमीटरवर अजून शाबूत होती. मी बाहेर खळ्यात जाऊन, वाडीतल्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात, तो फोन बराच वेळ चालू ठेवला.

१८ ला निघालो. दोन फणस, आमसुलं, आंबापोळी आणि आत्येने दिलेली कुळथाच्या पिठाची पिशवी. नाक्यावरचं पथक उठलेलं होतं, त्यामुळे फणसांची चौकशी झाली नाही. २० तारखेला डोंबिवलीत दोन तास उन्हात रांगेत उभा राहून मत दिलं. चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसली, यंत्र वाजलं. मी लगेच बाहेर येऊन आत्येला फोन लावला आणि ‘आवाज आला’ असं सांगितलं. “तुझो इलो मा? मगे बरा झाला,” ती म्हणाली.

४ जूनला मोजणी. ऑफिसात सगळे मोबाइलवर. दुपारी दादाचा फोन आला. मागे फटाके वाजत होते, ते कुणाचे ते कळेना.

“काय दादा, काय लागला कौल?”

“लागलो खंय?” दादा म्हणाला. “काल रात्री पाऊस पडलो. पडवीवरचो दुसऱ्या वळीतलो, तू बसवलेलो, तोच गळता हा.”